नाव झाकलं तरी पुस्तक ओळखू यावं

पत्र

सप्रेम नमस्कार. इंदुरात रामबागेत आमची पुस्तकभिशी आहे. दर महिन्याला ठरलेली रक्कम जमा होते, जिची चिठ्ठी निघते ती त्या पैशांतून आपल्या आवडीची पुस्तकं घेते आणि मग ती सगळ्यांत फिरतात. मंडळाच्या त्रैमासिकातलं परीक्षणाचं पान यंदा माझ्याकडे आलं आहे, साधारण ६०० शब्दांचं. आतापर्यंत तीन लिहिली: एका अनुवादित फँटसी मालिकेचा पहिला भाग, एक प्रेमकादंबरी आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’. संपादक काका म्हणाले, ‘ताई, पुस्तकांची नावं अदलाबदल केली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.’ कॉलेजात जाणारी भाची म्हणते, मावशीला फँटसी कळलीच नाही. प्रेमकादंबरीवर पान खर्च केलं म्हणून एक-दोघींनी नाक मुरडलं. हरिभाऊंची कादंबरी मला मध्ये मध्ये कंटाळवाणी झाली, पण तसं लिहायचा धीर झाला नाही. तिन्ही परीक्षणं सोबत पाठवते आहे. कुठे चुकतंय ते स्पष्ट सांगा.
– एक वाचक, इंदूर

उत्तर

ताई, नमस्कार.

स्पष्ट सांगा म्हणालात, म्हणून आधी तेच. काकांचं म्हणणं खरं आहे. ‘वाचकाला खिळवून ठेवणारी’ हे शब्द तुमच्या तिन्ही परीक्षणांत आहेत, ‘ओघवती भाषा’ तिन्हींत आहे आणि शेवट ‘प्रत्येकाने एकदा तरी वाचावी अशी’ याच वाक्याने होतो. फँटसीच्या परीक्षणात पाऊण जागा कथानकानेच खाल्ली आहे. तुमची भाषा स्वच्छ आहे आणि वाचनही मन लावून झालेलं दिसतं. घोटाळा एवढाच की तिन्ही पुस्तकांना तुम्ही एकच प्रश्न विचारला: गोष्ट काय आहे आणि मला आवडली का. फँटसी, प्रेमकादंबरी आणि जुनी अभिजात कादंबरी वाचकाला तीन वेगळी वचनं देतात. कोणतं वचन दिलं आणि ते कितपत पाळलं, हे परीक्षणात यायला हवं.

लिहिण्याआधी वाचण्याची रीत थोडी बदला. पुस्तक भिशीचं, म्हणजे सगळ्यांचं, तेव्हा समासात पेन्सिल नको. एक कोरा कागद उभा दुमडून खूण म्हणून पुस्तकात ठेवा. जिथे थांबावंसं वाटलं, खटकलं किंवा मागचं काही आठवलं, तिथे पान क्रमांक आणि दोन-तीन शब्द त्यावर टाका. अख्ख्या पुस्तकात पंधरा-वीस नोंदी पुरतात. त्याहून जास्त झाल्या तर लिहिताना निवडता येत नाही. पुस्तक संपलं की ते मिटून आठवणीवर पाच ओळी लिहा. मग पहिलं प्रकरण आणि शेवटचं प्रकरण लागोपाठ पुन्हा वाचा. जेमतेम अर्धा-पाऊण तास जातो, पण लेखकाने कुठून निघून कुठे आणलं हे तेवढ्यात दिसतं. पहिल्या वाचनात ज्या वाक्यावरून नजर घसरली होती, तेच अनेकदा सगळ्या पुस्तकाची किल्ली निघतं.

आता फँटसी, कारण तुमचा सगळ्यात मोठा गोंधळ तिथे झाला आहे.

पहिल्या पन्नास पानांत नावांचा भडिमार होतो, त्याने घाबरून जाऊ नका. दुमडलेल्या कागदाची एक बाजू नावांसाठी ठेवा: नाव, कोणाच्या बाजूचा, कुठला, एवढंच. प्रत्येक अनोळखी शब्दापाशी अडायचं नाही. शब्द महत्त्वाचा असेल तर लेखक तो पुन्हा आणेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला अर्थ आपसूक लागेल. शंभर पानांनंतरही लागला नाही, तर ती नोंद परीक्षणासाठी. नकाशा असेल तर त्या पानावर बोट ठेवूनच वाचा.

फारा मेंडलसन या ब्रिटिश अभ्यासकांनी २००८ साली फँटसीची एक उपयोगी वर्गवारी मांडली. पहिल्या प्रकारात आपल्यासारखं कुणीतरी दार ओलांडून किंवा प्रवास करून अद्भुत जगात शिरतं. दुसऱ्यात पात्रं त्याच जगात जन्मलेली असतात. तिसऱ्यात अद्भुत आपल्या रोजच्या जगात घुसतं. चौथ्यात ते उंबरठ्यावरच राहतं, खरं की भास हे ठरत नाही. परीक्षणात ही नावं घालायची गरज नाही, पण आपलं पुस्तक कुठल्या घरातलं आहे हे आपल्याला माहीत हवं, कारण त्यावर गुणदोष बदलतात. पहिल्या प्रकारात नायक नवखा असतो. तो प्रश्न विचारतो, कुणी जाणता उत्तर देतो आणि त्याच्यासोबत आपणही शिकतो. दुसऱ्या प्रकारात तेच समजावणं खटकतं, कारण आपल्याच गावातल्या माणसाला आपल्याच गावाची माहिती कुणी देत नाही. तुम्ही लिहिलंत, ‘लेखिकेने त्या जगातल्या अनेक गोष्टी स्पष्ट केलेल्या नाहीत.’ पण तुमच्याच सारांशावरून पुस्तक दुसऱ्या प्रकारचं दिसतं: नायिका त्या शहरात वाढलेली, तिथल्या रीती तिच्या अंगवळणी पडलेल्या. म्हणजे न सांगणं हीच तिथली रीत आहे. भाची बहुधा हेच म्हणत असावी.

यानंतर जादू. दोन गोष्टी तपासा: तिची किंमत काय पडते आणि ती कुठे चालत नाही. ब्रँडन सँडरसन या अमेरिकन फँटसी-लेखकाने २००७ मध्ये एक नियम मांडला. त्याचा आशय असा की, जादूने पेच सोडवायचा असेल तर ती जादू वाचकाला आधी जितकी नीट कळलेली असेल तितकंच ते सोडवणं समाधान देतं. गूढ, न उलगडलेली जादूही चालते, पण तिने संकट आणावं. संकटातून सोडवायला ती ऐनवेळी धावून आली की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. तपासायची पद्धत सोपी आहे. शेवटच्या पेचातून नायिका कशाने सुटली ते कागदावर लिहा आणि ती गोष्ट पुस्तकात पहिल्यांदा कुठे आली ते पान मागे जाऊन शोधा. ती पहिल्या अर्ध्यात कुठेतरी सहज, दुसऱ्याच कारणाने येऊन गेली असेल, तर लेखिकेची पकड पक्की. शेवटच्या चाळीस पानांत उगवली असेल, तर तसं लिहायचं, आणि रहस्य न फोडता लिहिता येतं: ‘शेवटचा पेच ज्या शक्तीने सुटतो, तिची ओळख आधीच्या साडेतीनशे पानांत झालेली नाही.’ या एका वाक्यात तुमच्या आधीच्या परिच्छेदाहून जास्त माहिती आहे.

इंदूरच्या मराठी वाचकाला हे समजावायला दूर जावं लागत नाही. आपल्याकडे हिंदी वाचन घरचंच. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ १८८८ सालची; तिच्यातला तिलिस्म (यंत्रं आणि सापळ्यांनी राखलेली गूढ जागा) आणि ऐयार (वेषांतरात पटाईत हेर) तुमच्या मंडळातल्या निदान चौघींना तरी ठाऊक असतील. तिथलं चमत्कारासारखं दिसणारं बरंचसं यंत्रांवर, औषधांवर आणि वेषांतरावर उभं आहे. बेहोशीची पूड आणि शुद्धीवर आणणारा लखलखा ऐयार जवळच बाळगतो, म्हणून तो ऐनवेळी बटव्यातून निघाला तर वाचकाला नवल वाटत नाही. जग कितीही अद्भुत असलं तरी त्याचा हिशेब लागायला हवा, हे सांगायला एवढं उदाहरण पुरे.

हिशेब जादूपुरताच नसतो. फौज खाते काय, घोड्यावरून किती दिवसांत किती अंतर कापलं, हिवाळा सरतच नसेल तर धान्य येतं कुठून, मोठ्या वाड्यात चूल कोण पेटवतं आणि त्या माणसाला कथेत नाव आहे का, हेही बघा. असल्या साध्या प्रश्नांना उत्तरं असलेलं जग खरं वाटतं. याची दोन उदाहरणं पान क्रमांकासकट टिपलीत तर परीक्षणाचा कणा तयार झाला.

मालिकेचा पहिला भाग असेल तर वरच सांगा: हा कितवा भाग, आजवर किती आलेत, आणि हा भाग मुक्कामाला पोचतो की मध्येच तुटतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली, पण टॉल्किन यांनी ती सहा पुस्तकांत विभागलेली एकसंध कादंबरी म्हणूनच लिहिली होती. खंड पडले ते खर्चामुळे आणि युद्धानंतरच्या कागदटंचाईमुळे. तिचा पहिला खंड अर्ध्यावर थांबतो हा त्या खंडाचा दोष मानता येत नाही. याउलट काही मालिकांत प्रत्येक भागाची एक गोष्ट पुरी व्हावी अशी बांधणी असते. तिथे न संपलेला भाग म्हणजे न पाळलेलं वचन. घेणाऱ्याने एका भागाचे पैसे मोजायचे की पाच भागांचे, हेही त्याला यावरून कळतं.

अनुवादाबद्दल एक नक्की लक्षात ठेवा. ‘लेखिकेची भाषा ओघवती आहे’ असं तुम्ही लिहिलंत, पण तुम्ही वाचलेली भाषा अनुवादकाची होती. अनुवादकाचं नाव पुस्तकाच्या माहितीत यायलाच हवं, तुमच्या परीक्षणात ते कुठेच नाही. भाषा तीन जागी तपासा: भांडणाच्या संवादात, विनोदात आणि लढाईच्या किंवा प्रवासाच्या वर्णनात. भांडणात पात्रं पुस्तकी बोलत असतील किंवा हसायच्या जागी हसू येत नसेल, तर तेवढं उदाहरण द्या. मूळ इंग्रजी हाताशी असेल तर कुठलंही एक पान शेजारी ठेवून वाचा. काही गाळलं आहे का ते तेवढ्यात कळतं. नावांची स्पेलिंगं मात्र मराठी पुस्तकात छापली असतील तशीच ठेवा. तुमच्या परीक्षणात एकाच राजपुत्राचं नाव दोन तऱ्हांनी पडलं आहे.

प्रेमकादंबरीवर पान कशाला, असं विचारणाऱ्या मैत्रिणींना सांगा की भिशीतली पुस्तकं परत येतात तेव्हा सगळ्यात जास्त हाताळलेली कोणती असतात ते पाहा. जे आवडीने वाचलं जातं त्याची पारख नीट व्हायला हवी, नाहीतर चांगली प्रेमकादंबरी आणि रतीब घातलेली यांतला फरक कुणी सांगायचा?

शेवट आधीच ठाऊक असतो, हा या प्रकारावरचा नेहमीचा आक्षेप. सीतास्वयंवराचं आख्यान ऐकायला बसलेल्याला धनुष्य कोण मोडणार हे माहीत नसतं का? तरी बुवा रंगवतात आणि माणसं बसून राहतात. दोघं एकत्र येणार हे इथलं वचनच आहे. कसे येणार आणि ते आपल्याला पटणार का, यात लेखिकेची कसोटी. मात्र मराठीत ‘प्रेमकादंबरी’ म्हटलं की शोकांतिकाही त्यात येते. म्हणून पुस्तक सुखान्त आहे की नाही एवढं सूचित करा. हलकंफुलकं वाचायला म्हणून घेतलेल्या बाईला शेवटी रडवलं तर ती पुढचं परीक्षण वाचणार नाही.

पामेला रेजिस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी २००३ साली प्रेमकादंबरीचे आठ टप्पे दाखवून दिले. दोघं ज्या समाजात वावरतात त्याचं चित्र, पहिली भेट, अडसर, ओढ, प्रेमाची कबुली, आता सगळं संपलं असं वाटण्याची घडी, अडसर दूर करणारी उमज, आणि शेवटी लग्न ठरणं. क्रम मागेपुढे होतो, एखादा टप्पा पुन्हापुन्हा येतो. तुमच्या कागदावर या आठांसमोर पान क्रमांक लिहा. पुस्तकाचा सांगाडा उघडा पडतो. जेन ऑस्टिन यांची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) घ्या. एकूण प्रकरणं ६१. नायक डार्सी पहिल्यांदा मागणी घालतो आणि नायिका एलिझाबेथ झिडकारते ते ३४व्या प्रकरणात, त्याचं पत्र ३५व्यात, दुसरी मागणी ५८व्यात. म्हणजे कबुली अर्ध्याच्या थोडी पुढे येते आणि उरलेली जवळजवळ वीस-पंचवीस प्रकरणं दोघांनी एकमेकांबद्दलचं आपलं मत पुन्हा तपासण्यासाठी ठेवली आहेत. ती कादंबरी टिकली त्यामागे ही वाटणी मोठी आहे. तुमच्या कादंबरीत कबुली शेवटून तिसऱ्या प्रकरणात आणि उमज लगेच पुढच्या पानावर असेल, तर ‘शेवट घाईत उरकला’ हे तुम्हाला नुसतं म्हणावं लागणार नाही, आकड्यांनी दाखवता येईल.

सगळ्यात जास्त वेळ अडसरावर द्या. अडसर बाहेरचा असतो: जात, पैसा, पत्रिका, बदलीची नोकरी, घरची जबाबदारी. किंवा आतला: मानीपणा, भीती, आधी पोळलेलं मन. चांगल्या कादंबरीत दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. एक फोन केला असता तर मिटलं असतं असा अडसर दोनशे पानं ताणला की वाचक चिडतो. त्या व्यक्तीने फोन का केला नाही याचं कारण तिच्या स्वभावात आधीच पेरलेलं असेल, तर मात्र तोच अडसर जिवाला लागतो.

तुमच्या परीक्षणातलं वाक्य आहे: ‘नायक-नायिकेतला दुरावा लेखिकेने अतिशय परिणामकारकपणे रंगवला आहे.’ आता तुमच्याच मजकुरातल्या दोन गोष्टी शेजारी ठेवते. सुरुवातीला तुम्ही सांगता की नायिकेला वाण्याकडच्या पुड्यांचे कागदसुद्धा उलगडून वाचायची सवय आहे. पुढे सांगता की नायकाचं पत्र ती न फोडताच परत करते आणि दुरावा येतो. हे जुळवून असं लिहिता आलं असतं: ‘दुरावा येतो तो न फोडलेल्या एका पत्राने. पुडीचा कागदही वाचल्याशिवाय न टाकणारी मुलगी हेच पत्र मात्र तसंच परत पाठवते. इतकी ती दुखावली आहे हे लेखिकेला सांगायचं असावं, पण त्या रात्रीचं तिचं मन आपल्याला दिसत नाही, म्हणून पत्र कथानकाच्या सोयीसाठी परत गेल्यासारखं वाटतं.’ साहित्य सगळं तुमचंच आहे. फक्त दोन टोकांना पडलेल्या गोष्टी एकत्र आणल्या, आणि हे वाक्य आता दुसऱ्या कुठल्याच पुस्तकाला लागणार नाही.

आणखी थोडं याच प्रकाराबद्दल. नायिकेला प्रेमाखेरीज काम आहे का, आणि ते काम पानांवर दिसतं का? ‘ती आर्किटेक्ट आहे’ असं एकदा म्हणून पुढे तिने एकदाही नकाशा उलगडला नसेल तर लिहा. संवाद तपासताना ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ बोटाने झाका. कोण बोलतंय हे नुसत्या बोलण्यावरून कळायला हवं. तिने नाही म्हटल्यावरही पिच्छा पुरवणारा नायक असेल तर ते न संकोचता नोंदवा, आणि पुस्तक त्याला रसिकता समजतं की चूक, हेही सांगा. शृंगारिक प्रसंग असतील तर ‘प्रौढ वाचकांसाठी’ एवढे साधे शब्द पुरेत, त्रैमासिक घरातली मुलंही चाळतात.

आता हरिभाऊ. कंटाळा आला तर लिहायचं, जरूर लिहायचं. पण कुठे आला आणि का आला हे शोधल्यावर.

पहिलं म्हणजे ही कादंबरी हप्त्याहप्त्याने वाचली गेली होती. हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ती त्यात क्रमशः आली. वाचकाच्या हातात एका वेळी थोडीच पानं आणि पुढचा भाग येईपर्यंत मध्ये दिवस. म्हणून मागची आठवण करून दिली जाते, वाचकाला मध्येच हाक मारली जाते, प्रकरणाच्या शेवटी उत्सुकता टांगून ठेवली जाते. आपण तीच कादंबरी चार दिवसांत संपवायला बसलो की प्रत्येक आठवण पुनरुक्ती वाटते. रोज दोन प्रकरणं, त्याहून जास्त नाही, अशी पुन्हा धरून पाहा. दुसरं, ही हकिकत नायिका यमू स्वतः सांगते. लांबण लावणं, भरकटून परत येणं हा सांगणारीचा स्वर आहे. तो कुठे तिचं दुःख जवळ आणतो आणि कुठे नुसताच पसरतो, हे वेगळं करता आलं की तुमचा कंटाळा हीच समीक्षा होते. ‘अमुक प्रकरणांत सासरच्या कुरबुरी एकाच पट्टीत येत राहतात आणि माझं लक्ष सुटलं, पण पुढे केशवपनाच्या प्रसंगी तोच घरगुती, बारीकसारीक सांगणारा स्वर अंगावर काटा आणतो’ अशा लिहिण्यात हरिभाऊंचा अपमान कुठेच नाही. ‘अजरामर कलाकृती’ म्हणून हात जोडून पुढे जाण्यापेक्षा त्यात आदर जास्त आहे.

जुन्या कादंबरीचा संदर्भ देताना पान क्रमांकाऐवजी प्रकरण क्रमांक द्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखनहक्क संपतो. हरिभाऊ १९१९ मध्ये वारले, तेव्हा त्यांची पुस्तकं आता कोणीही छापू शकतो आणि प्रत्येक प्रतीत पानं वेगळी पडतात.

आवृत्तीचं प्रकरण इंग्रजी अभिजात पुस्तकांत आणखी महत्त्वाचं. खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या थप्पीत दिसणारी प्रत मूळ आहे की शाळेसाठी आटवलेली, हे मुखपृष्ठावरून कळेलच असं नाही. आतलं शीर्षकपान उघडा. ‘संक्षिप्त’, ‘रूपांतर’, ‘अब्रिज्ड’, ‘रीटोल्ड’ असलं काही बारीक अक्षरांत आहे का पाहा. मग प्रकरणं मोजा. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची ६१, ‘जेन एअर’ची ३८. मराठी अनुवादात प्रकरणं जोडलेली असू शकतात, पण जाडीच निम्मी असेल तर ‘पात्रं उथळ वाटली’ हा ठपका मूळ लेखिकेवर ठेवू नका. काही पुस्तकं लेखकानेच बदललेली असतात. ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ साली आली आणि मेरी शेली यांनी १८३१ मध्ये ती सुधारून काढली. पहिल्या आवृत्तीत एलिझाबेथ ही नायक व्हिक्टरची आतेबहीण, १८३१च्या आवृत्तीत घरात आणून वाढवलेली परकी मुलगी. दोघी वेगळ्या प्रती वाचून बैठकीला आल्या तर उगाच वाद होतो.

अभ्यासकाची प्रस्तावना शेवटी वाचा. ती बहुतेकदा सगळी गोष्ट फोडते, आणि तिची मतं नकळत आपल्या परीक्षणात उतरतात. जुन्या काळचे जातीबद्दलचे, बायकांबद्दलचे उद्गार आले तर झाकू नका; ते पात्राच्या तोंडी आहेत की निवेदनात, हे मात्र पाहून लिहा. आणि पुस्तक शंभर वर्षांचं झालं म्हणून शेवट सांगून टाकायला हरकत नाही असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. सोळा वर्षांची मुलगी ते पहिल्यांदाच उघडणार असते.

६०० शब्दांची मांडणी साधारण अशी धरा. वर एका ओळीत पुस्तक, लेखक, अनुवादक, प्रकाशन, आवृत्तीचं वर्ष, पानं, किंमत. पहिल्या साठ-सत्तर शब्दांत तुमचं मुख्य निरीक्षण. लेखकाच्या जन्मगावाने सुरुवात नको. कथानक फार तर १२० शब्द, आणि तेही पुस्तकाच्या पहिल्या पाव भागापर्यंतचंच. त्यापुढे दोन किंवा तीन मुद्दे, प्रत्येकाला पुस्तकातला पुरावा. बहुतेक जागा इथे जाऊ द्या. उतारे दोनच, दोन-तीन ओळींचे. समीक्षेसाठी एवढं उद्धृत करायला १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात मोकळीक आहे. जे जमलेलं नाही ते पाऊणशे-शंभर शब्दांत सांगा, ते वगळू नका. शेवटी हे पुस्तक कुणाला रुचेल आणि कुणाला नाही. ‘प्रत्येकाने वाचावी’ हे वाक्य आता रजेवर जाऊ दे.

मग मजकूर दोन दिवस बाजूला ठेवा आणि काकांच्या टोमण्यालाच चाळणी करा: प्रत्येक वाक्यात दुसऱ्या पुस्तकाचं नाव घालून पाहा, वाक्य तसंच उभं राहिलं तर ते काढा. पहिल्या खेपेला निम्मा मजकूर गळेल. त्या जागी भरायला कागदावरच्या नोंदी आहेतच.

लेखिका मंडळातलीच किंवा ओळखीची असेल तर ते पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका, नाहीतर परीक्षण दुसरीकडे सोपवा.

पुढच्या अंकात फँटसीचंच परीक्षण नव्याने लिहा, असं मी सुचवेन. पुस्तक वाचलेलं आहे, नावांचा कागद फक्त करायचा आहे, आणि दुसरा भाग आला असेल तर त्याचा उल्लेखही करता येईल. कच्चा खर्डा भाचीला दाखवा. नावं, नियम, कोण कुणाच्या बाजूचं यांत ती चुका काढेल, त्या मुकाट्याने दुरुस्त करा. मतं मात्र तिला विचारून बदलू नका. आणि पुस्तक पुढच्या मैत्रिणीकडे जाण्याआधी उताऱ्यांचे पान क्रमांक, आवृत्ती आणि किंमत उतरवून घ्या, कारण हे सगळं नेमकं पुस्तक हातातून गेल्यावर लागतं.